धरलेली जागा

नणंदेचं दिवसकार्य उरकलं, पाहुणे आपापल्या गावी परतले, आणि जयमाला मगदूम पहिल्यांदाच एकटीनं गाडीत चढली त्या सकाळी तिच्या हातून एक चूक झाली. तिनं शेजारच्या आसनावर रुमाल टाकला.

तशी ती चूकही म्हणता येणार नाही, हाताची सवय ती. गाडीत जागा धरायची तर रुमाल टाकायचा, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. खिडकीतून टोपी टाकतात, पिशवी टाकतात, एखादा बहाद्दर चप्पलही टाकतो, आणि त्या चिंधीला माणसाइतका मान असतो. जयमालेला दिसत नव्हतं. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नजर विरत गेली ती गेलीच. तिची नणंद बेबीताई डाव्या पायानं अधू, काखेत कुबडी. घरातला कर्ता माणूस, म्हणजे एकीचा नवरा आणि दुसरीचा भाऊ, लवकरच गेला. मग दोघींनी आपसात वाटणी करून टाकली. डोळे बेबीताईचे, पाय जयमालेचे. थांब्यावर बेबीताई सांगणार, "वैनी, दार समोर हाय, चला." जयमाला पुढे होऊन दाराजवळचं दोघांचं बाक चाचपणार, आतल्या बाजूला बसणार आणि शेजारी रुमाल टाकणार. मागून कुबडी टेकत, रस्त्याला आणि नगरसेवकाला शिव्या घालत बेबीताई यायची.

त्या सकाळीही रुमाल पडला, आणि निघायला आलेली गाडी थांबून राहिली.

गाडी डाव्या अंगाला लवली. हवा सुटल्याचा ओळखीचा सुस्कारा आला, चढायची फळी बाहेर सरकली. दारातून कोणी चढलं नाही. तरी कुबडीवाल्या बाईला चढून यायला लागतो तेवढा वेळ गाडी तशीच वाकून उभी राहिली. मग जयमालेच्या शेजारचं आसन हळूच खाली बसलं, डावीकडे कललं, आणि गाडीनं नेहमीच्या आवाजात विचारलं, "बसलात? निघू?"

या प्रश्नाला बेबीताई रोज म्हणायची, "निघ गं." आज कोणी बोललं नाही. शेवटी मागून एक जण ओरडला, "चल की!" तेव्हा गाडी हलली.

जयमालेनं हात पुढे केला. हाताला रुमालच लागला, कांडपाच्या मिरचीचा वास धरलेला. तिनं हात मागे घेतला आणि मांडीवर घट्ट धरून ठेवला. पुढे तळ्याचं वळण आलं. त्या वळणावर जुन्या गाडीत ती एकदा दारापर्यंत फेकली गेली होती, तेव्हापासून तिथं तिचा जीव गोळा व्हायचा. आजही झाला. आणि नेमक्या त्याच वेळी शेजारचं रिकामं आसन तिच्याकडे झुकलं. बेबीताईचा खांदा जिथं टेकायचा तिथंच ते टेकलं, वळण सरेपर्यंत टेकून राहिलं, आणि मग मागे झालं.

ती घाबरली होती, यात शंका नाही. कुणाला तरी सांगायला हवं होतं. तिनं ते केलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा रुमाल टाकला, आणि या वेळी तो सवयीनं टाकलेला नव्हता.

आता ही गाडी अशी का वागते ते सांगायला हवं, नाहीतर वाचणारा ही भुताखेताची गोष्ट म्हणून मोकळा होईल.

वडगीर शहरात बससेवा चालवणाऱ्या कंपनीनं आधी कुणालाही न विचारता अधू माणसांना चढता यावं अशी, चालक नसलेली एक सुगम गाडी बनवली होती. तिची फळी इतकी उभी होती की चाकाच्या खुर्चीवर फिरणाऱ्या दिगंबर लोहारनं तिला जाहीरपणे घसरगुंडी म्हटलं. गाडी म्हणायची, "कृपया आसनस्थ व्हा." त्यावर बेबीताई म्हणाली, "आसनस्थ व्हायला मी काय देव्हाऱ्यातली देवी हाय व्हय?" लोक हसले, वर्तमानपत्रात आलं, आणि कंपनीला लाज वाटली. मग तिनं गाडी वापरणाऱ्या, म्हणजे वापरता न येणाऱ्या, काही जणांचं एक मंडळ बोलावलं. त्यात दिगंबर होता, या दोघी होत्या. काम बघायला शमा अत्तार नावाची इंजिनिअर होती.

शमानं पहिल्याच बैठकीत सांगितलं की मी तुम्हाला प्रश्न विचारणार नाही. माणसाला विचारलं की तो बरं दिसेल ते बोलतो. तुम्ही फक्त प्रवास करा, गाडी शिकेल. नव्या गाडीच्या तळाला आणि आसनांना कागदासारखी पातळ पट्टी होती. पाऊल कुठं, किती जोरानं पडतं, कुबडी आधी टेकते की पाय, बसताना भार कुठल्या कुशीवर येतो, हे सगळं ती पट्टी टिपायची. त्यातून गाडी प्रत्येकाचा एक साचा बांधायची. तिला तुमचं नाव माहीत नसे, चेहरा माहीत नसे. हे माणूस आता यापुढे काय करणार आहे, तेवढा अंदाज ती करायची आणि त्याच्या आधी तयार राहायची. फळी किती उतरवू, किती वेळ थांबू, आसन कुठल्या बाजूला करू.

अशा यंत्राला कुणी नियम लिहून देत नाही. ते बघतं आणि धरून ठेवतं. त्यानं महिनोन् महिने काय बघितलं? एक बाई चढते, बाकावर पिसासारखं हलकं काहीतरी पडतं, आणि थोड्या वेळानं त्याच जागी कुबडीवाली बाई येऊन बसते. एकदाही यात खंड पडला नाही. मग गाडीनं मनाशी बांधलं की ते हलकं काहीतरी म्हणजेच त्या बाईची सुरुवात आहे. बाई सुरू झाली आहे, उरलेली येतेच आहे. ज्या देशात गाडीत रुमाल टाकत नाहीत तिथं हे घडलं नसतं.

आणि हे शिकणं गाडीतल्या एखाद्या कप्प्यात नव्हतं, की उघडला आणि काढून टाकलं. आमटीत मीठ विरघळावं तसं ते सगळीकडे होतं. शहरातल्या साऱ्या गाड्या एकमेकींकडून शिकत होत्या, त्यामुळे हळूहळू कोण कुणाबरोबर असतं आणि कुणाची चिंधी म्हणजे कोण, ते सगळ्या गाड्यांना ठाऊक झालं.

जयमालेला वाटत होतं की हे गुपित आपलं एकटीचं आहे. शहरात अशी गुपितं टिकत नाहीत.

एका दुपारी परतताना तिच्या पुढच्या बाकावर एक बाई बसली होती. शाळेच्या थांब्यावर गाडी फार खाली लवली, कुबडीसाठीही लवत नाही इतकी खाली, आणि पायरी जमिनीपर्यंत गेली. लहान मुलाला उतरायला जितकी लागते तितकी. कोणी उतरलं नाही. जयमालेनं शेजारणीला विचारलं, "काय झालं वो?"

शेजारीण कुजबुजली, "त्यांनी पोराचा न्यापकीन ठिवलाय. गेलं ते पोरगं, गेल्या साली." आणि मग आणखी हळू आवाजात म्हणाली, "मी आमच्या ह्यांचा मफलर आणती."

त्यानंतर जयमालेच्या कानांना गाडी निराळीच ऐकू येऊ लागली. कुठं टोपी, कुठं ओढणी, कुठं तपकिरीच्या डबीभोवती गुंडाळलेला पंचा. गाडी रिकाम्या थांब्यांवर वाकायची, कुणाची तरी वाट बघायची, कुणाला तरी विचारायची, "बसलात?" आणि बाकाबाकांवरून दबलेले आवाज यायचे, "हां, बसले." जिवंत माणसं दांड्याला लटकून उभी असायची. धरलेल्या जागेवरचा रुमाल उचलणं म्हणजे आपल्याकडे भांडणाला आमंत्रण. आता त्यात भीतीही मिसळली होती. मेलेल्याला उठवून त्याच्या जागेवर बसायची छाती कुणाला होणार? कुणी काही बोलत नव्हतं. कंपनीला वाटत होतं, सेवेला प्रतिसाद उत्तम आहे.

दिगंबर लोहार साखर गोदामाच्या थांब्यावर चढायचा. तो कोर्टाच्या फाटकाशी बसून लोकांचे अर्ज टाईप करायचा, आणि मगदूम नणंद-भावजयांची मसाला कांडपाची गिरणी कोर्टासमोरच होती, त्यामुळे वर्षानुवर्षं सकाळची गाडी एकच. दाराजवळच्या बाकाचं बाहेरचं आसन भिंतीत दुमडलं की त्याच्या खुर्चीला जागा व्हायची. बेबीताईचं आसन तेच. बेबीताई आजारी पडल्यापासून जयमाला घरातच होती आणि पुढे उशिराची गाडी धरायची, म्हणून या दोघांची गाठ पडली नव्हती. एका सकाळी ती पुन्हा जुन्या वेळेच्या गाडीला आली, आणि गाठ पडली.

थांबा आला. बाहेरून खुर्चीच्या मोटरची गुणगुण जयमालेनं ओळखली. फळी बाहेर गेली नाही. गाडी म्हणाली, "जागा भरलेली आहे. कृपया पुढची गाडी घ्या."

"अगं, कुणी भरलीय?" बाहेरून दिगंबरचा आवाज आला. "काल बी ह्येच, परवा बी ह्येच. आत कोण हाय त्या जागेवर? वैनी, तुमी हाय काय आत?"

जयमालेच्या हाताशी रुमाल होता. उचलायला क्षणही लागला नसता. उचलला तर शेजारचं आसन वर उठेल, सरळ होईल, आणि तळ्याच्या वळणावर कोणी नसेल, एवढंच तिला सुचत होतं.

"वैनी?"

"बसलात? निघू?" गाडीनं विचारलं.

"निघ," जयमाला म्हणाली.

दिगंबर त्या दिवशी पुढच्या गाडीची वाट बघत बसला नाही. कोर्टात एक माणूस त्याच्यासाठी खोळंबला होता. तो खुर्ची घेऊन हमरस्त्यानंच निघाला. एका ठिकाणी गटारीवर झाकण नव्हतं. चाक आत गेलं, खुर्ची उलटली आणि त्याचं खांद्याचं हाड मोडलं. मागून येणारा टेम्पो वेळेवर थांबला, म्हणून तेवढ्यावर निभावलं.

ही बातमी शमा अत्तारनं गिरणीत येऊन सांगितली. कांडपाचा खडखडाट थांबवून जयमाला ऐकत राहिली.

"मावशी, त्या जागेवर त्या वेळी कोण होतं ते मला माहीत आहे," शमा म्हणाली. "गाडीत नोंद आहे. बेबीमावशी होत्या."

जयमाला सांडलेल्या मिरच्या चाचपून गोळा करू लागली.

"कंपनीला आता कळलंय. वरचे लोक म्हणतात, सगळं शिकणं पुसून टाका. गाड्या कोऱ्या करा. म्हणजे तुम्ही सगळ्यांनी शिकवलं ते सगळं जाणार. वाकणं, थांबणं, विचारणं, सगळंच. पुन्हा ती घसरगुंडी. आणि मंडळ परत बोलावणार नाहीत, एवढं मी लिहून देते. मी महिनाअखेरपर्यंत मुदत मागून घेतलीय."

"मग मी काय करू?"

"जे शिकवलं ते मोडायचं. गाडीच्या हिशेबी रुमालाची सुरुवात तुमच्या हातापासून झाली, म्हणून तुम्हीच मोडलं तर लवकर मोडेल. रुमाल टाकायचा. गाडी वाट बघेल. कोणी येणार नाही. तुम्ही रुमाल उचलायचा. पुन्हा टाकायचा. दर वेळी गाडी थोडी कमी थांबेल. शेवटी थांबायचीच नाही."

जयमाला बराच वेळ हाताची मिरची पदराला पुसत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी वन्सं मेल्या, असं मी तिला शिकवायचं. दवाखान्यातनं न्हेल्या तवा मी त्यांचे पाय धरून बसले होते, शमा. एकदा बगितलंय मी. आता परत परत बगू म्हंतीस? गाडीला पटंपर्यंत?"

शमा रडली असावी, कारण नाक ओढल्याचा आवाज आला. "दिगूभाऊंना भेटा तरी," जाताना ती एवढंच म्हणाली.

भेटायला जाताना जयमालेचे पाय उचलत नव्हते. पण गेली. दिगंबरच्या बायकोनं चहा ठेवला आणि आत निघून गेली. तिच्या भांड्यांच्या आवाजात राग होता.

"मी आत होते," जयमाला म्हणाली. "तुमी हाक मारली ती ऐकली मी."

"ठाव हाय मला," दिगंबर म्हणाला. "तुमच्या गिरणीचा वास दारातनं येत हुता."

त्यानं मोकळ्या हातानं चहाचा कप तिच्याकडे सरकवला. मग तो म्हणाला, "मला खांद्याचं काय न्हाई वाटत वैनी, जुळंल. मला एकच खुपतंय. त्या जागेवर बेबीताई हुत्या म्हंत्यात. बेबीताई असत्या, तर मी भाईर राह्यलो असतो काय?"

जयमालेला पहिली बैठक आठवली. कुबडीवाल्यांची जागा आधी की खुर्चीवाल्यांची, यावरून केवढा वाद पेटला होता. बेबीताईनं टेबलावर कुबडी आपटली होती. 'मला दांडा धरून उभं राहता येतंय. खुर्चीला न्हाई येत. खुर्ची आली की मी उठणार, आणि जो उठणार न्हाई त्याला मी उठवणार.' आणि पुढं ती खरंच उठायची, रोज, साखर गोदामापाशी, कुरकुरत; बसून प्रवास व्हायचा तो परतीच्या गाडीत.

"उठल्या असत्या," जयमाला म्हणाली.

"मग ही गाडीतली का उठत न्हाई?"

याचं उत्तर शमानं फोनवर दिलं, आणि देता देता तिलाच ते नव्यानं समजलं. शिकवणीच्या वेळी गोंधळ नको म्हणून कंपनीनं पाळ्या लावल्या होत्या. कुबडीवाल्यांची सकाळी, खुर्चीवाल्यांची दुपारी. गाडीनं बेबीताईला बसताना शेकडो वेळा बघितलं होतं. दिगंबरसाठी उठताना त्या काळात एकदाही नाही. आणि पुढे रोजच्या वापरात ती दिगंबरच्या थांब्याआधीच उठून दांडा धरायची, त्यामुळे गाडीला वाटायचं की बाई पाय मोकळे करते आहे. खुर्चीशी त्याचा संबंध तिला कधी लागलाच नाही. साऱ्यांना विचारून गाडी केली, पण साऱ्यांना एकत्र कधी बसवलं नाही, असं शमा म्हणाली.

जयमालेनं फोन कानाशी घट्ट धरला. "वन्सं येत न्हाईत, असं मी शिकवणार न्हाई," ती म्हणाली. "वन्सं उठतात, असं शिकवीन. चालंल?"

"चालेल. पण उठणार कोण?"

बेबीताईची कुबडी दारामागे होती, तिथंच. जाड तळाचा डावा बूट पलंगाखाली होता. डेपोच्या आवारात जयमालेनं तो बूट घातला आणि कुबडी काखेत घेतली. बेबीताईला तिनं कधी चालताना पाहिलं नव्हतं असं नाही, पण तो काळ फार जुना. तिचं खरं ओळखणं हाताचं होतं. पंचवीसेक वर्षं बेबीताईच्या खांद्यावर हात ठेवून ती रस्ता चालली होती. तो खांदा कधी वर जातो, कधी खाली येतो, कुबडी टेकल्यावर किती दम घेतो, हे तिच्या तळहातात मुरलेलं होतं. आता ते तिला सगळ्या अंगात आणायचं होतं.

तिच्या जागी रुमाल टाकायला शमा होती. शमाच्या हातात जयमालेची काठी, पायांत जयमालेच्या चपला. गाडीला ते फारसं पटलं नाही, ती घुटमळली. मग रुमाल पडला आणि बाहेरून कुबडी टेकली. टक. पाय. टक.

गाडी लवली. डाव्या अंगाला, बरोब्बर तेवढीच.

फळी चढताना जयमालेच्या तोंडून आपोआप एक शिवी निघाली, बेबीताईची. शमा दचकली. आसन आधीच खाली येऊन तिची वाट बघत होतं. ती त्यावर बसली तसं ते तिच्या अंगाखाली डावीकडे सरकलं आणि तिला धरून राहिलं. इतके दिवस शेजारून ऐकलेलं आसन. आता शेजारची बाजू रिकामी वाटत होती, आणि क्षणभर जयमालेला कळेना की दोघींतली गेली कोण.

"बसलात? निघू?"

"निघ गं," ती म्हणाली.

गाडी आवारात फिरली. कोपऱ्यावर वळताना जयमाला कलण्याची वाट बघत राहिली. आसन कललं नाही. उलट त्यानं तिला दोन्ही बाजूंनी दाबून सरळ ठेवलं.

"शमा, वळणाला हे झुकत का न्हाई? तळ्यापाशी झुकतंय की."

शमा पडद्यावर काहीतरी बघत होती. तिला वेळ लागला. "आसन झुकत नाही, मावशी. ते माणसाला सरळ धरतं, त्यासाठीच बनवलंय. झुकायच्या त्या स्वतः. सुरुवातीला गाडीनं त्यांना मागे ओढलंय, हे बघा, कितीतरी वेळा. मग तिनं नाद सोडला. हे माणूस इथं झुकणारच, असं धरून आसनही आधीच झुकवायला लागली. आणि फक्त त्याच एका वळणावर, जेव्हा जेव्हा त्या बसलेल्या होत्या. दुसऱ्या कुठल्याच नाही."

जयमाला कुबडी मांडीवर घेऊन बसून राहिली. वळणाला आपला जीव गोळा होतो हे तिनं बेबीताईला कधी सांगितलं नव्हतं. पायानं अधू बाई, तोल जाऊन अंगावर येते, एवढंच तिला वाटायचं. कधी कधी तर ती चिडायचीही, 'वन्सं, सरळ बसा की वो, केवढा भार टाकताय!' त्यावर बेबीताई नुसती हसायची. जयमालेला हुंदका आवरला नाही, आणि शमानं गाडी थांबवून ठेवली.

मग दिगंबरची खुर्ची आली. एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातानं खुर्ची चालवत तो फळीशी आला आणि जयमाला उठली. डावी कूस, कुबडी, गुडघा, दांडा. आसन भिंतीत गेलं, खुर्ची आत आली. पुन्हा बसली, पुन्हा उठली. ऊन चढलं, बूट चावायला लागला. कितव्या तरी खेपेला शमानं फक्त रुमाल टाकला आणि जयमाला बाहेरच थांबली. गाडीनं वाट बघितली, आसन खाली आलं, कललं. दिगंबर फळीशी आला. आणि रिकामं आसन सावकाश सरळ झालं, वर उठलं, भिंतीत गेलं.

"उठल्या," दिगंबर म्हणाला.

शहरातल्या गाड्या एकमेकींकडून शिकतात. त्या आठवड्यात वडगीरमध्ये मेलेली माणसं जिवंतांसाठी उठू लागली. कुणी गरोदर बाई चढली की टोपीखालचं आसन सरळ व्हायचं. काही लोक संतापले. काहींनी आपले मफलर, पंचे गुपचूप घरी नेले. न्यापकीनवाली बाई म्हणे पहिल्यांदाच गाडीत मोठ्यानं रडली, आणि तिच्या शेजारी जाऊन कोणी तरी बसलं.

जयमालेनं सकाळच्या गाडीत रुमाल टाकला. तिला खात्री करून घ्यायची होती, असं ती स्वतःला सांगत होती. गाडी लवली, थांबली. आसन बसलं, कललं.

"निघ गं," जयमाला म्हणाली.

साखर गोदामापाशी मोटरची गुणगुण आली. शेजारचं आसन सरळ झालं. उठताना त्याची कड तिच्या कोपराला लागली, आणि मग तिथं नुसती हवा राहिली. खुर्ची त्या जागी येऊन थांबली.

"वैनी, तुमचा रुमाल पडलाय," दिगंबर म्हणाला.

"असू द्या तुमच्यापाशी."

गाडी निघाली, पण फार हळू. मागचे लोक कुरकुरले. दिगंबर म्हणाला, "आज ही अशी रांगायलीय का?"

जयमालेला कळलं होतं. गाडीच्या हिशेबी कुबडीवर भार देऊन कोणी तरी उभं होतं, दांडा धरून. पुढे तळ्याचं वळण होतं. अधू पायावर बेबीताई पुन्हा त्या वळणाला उभी राहणार. 'बसा की वो वन्सं,' तिच्या ओठांवर आलं, पण बसवणार कुठं? जागा तर त्यांनी स्वतःच दिली होती.

वळणाच्या अलीकडे तळ्याचा थांबा होता. जयमालेनं घंटा दाबली.

"कोर्ट लांब हाय अजून," दिगंबर म्हणाला.

"उतरायचंय आमाला," ती म्हणाली.

नेहमीसारखी तीच आधी उतरली. फूटपाथवर उभी राहून तिनं मागं वळून हात पुढे धरला. गाडी डाव्या अंगाला लवली, फळी जमिनीला लागली, सुस्कारा झाला. तळ्यावरून ओला वारा येत होता. गाडी थांबून राहिली. जयमालेचा हात तसाच पुढे होता, आणि त्याच्याखाली कुठलाही खांदा आला नाही.

बऱ्याच वेळानं गाडीनं विचारलं, "उतरलात? निघू?"

जयमालेनं हात खाली घेतला.

"उतरल्या," ती म्हणाली. "निघ गं."

दार मिटलं. गाडी सरळ झाली आणि निघाली. जयमाला काठी रोवून ऐकत राहिली. वळणावर गाडीनं वेग जरासुद्धा कमी केला नाही.